हिंडलग्याहून आत्ताच आलोय

भावाला भेटायला बेळगावच्या हिंडलगा जेलला गेलतो, आईला घेऊन. कशाबद्दल आत हाय ते गावात सगळ्यांना म्हाईतच हाय, खुनाचा प्रयत्न, ३०७ कलम म्हणतात ते, नव्या कायद्यात १०९. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आणि पहिलं विचारलं काय तर म्हैस व्याली काय! आई नुसती त्या बटणाकडं बघत ऱ्हायली.

एफआयआर कन्नडात, निम्मं कळतंय निम्मं न्हाई, शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडनं वाचून घेतली. वकील म्हणाले ९० दिवसांत चार्जशीट आली न्हाई तर जामिनाचा हक्क मिळतोय, न्हाईतर सेशन्स कोर्ट, तिथं फेटाळला तर हायकोर्टाचं धारवाड बेंच.

पाहुणे फोन करून विचारालेत, खरंच केलंय काय रे त्यानं? मला काय म्हाईत, मी तिथं नव्हतो, माझा भाऊ हाय एवढं म्हाईत हाय. आणि ज्याला लागलंय तो पण आमच्याच गल्लीतला, त्याची आई देवळात दिसली की काय बोलावं तेच सुचत न्हाई. व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल देणाऱ्यांनी जरा दम धरा, कोर्ट हाय की तिथं.

सोमवारी तारीख हाय, कुणाची गाडी बेळगावला जाणार असली तर सांगा, आईला बसनं झेपत न्हाई आता.