पुरुषाच्या स्तनातली सिस्ट

चिठ्ठीवर ‘गायनेकोमॅस्टिया?’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे पुरुषाची स्तनग्रंथी साधी वाढलीय का. साठी ओलांडलेले गृहस्थ. डाव्या स्तनाग्राशेजारी हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ आणि अधूनमधून बनियनला लालसर डाग. गायनेकोमॅस्टियाची गाठ बहुधा स्तनाग्राच्या बरोबर मागे असते आणि दाबली की दुखते. ही एका बाजूला होती.

पंचविशीपुढच्या पुरुषाची आधी मॅमोग्राफी करतात. गाठीवर धातूचा ठिपका चिकटवून दोन्ही बाजूंचे सीसी (वरून खाली) आणि एमएलओ (तिरके) व्ह्यू घेतले. गोल, दाट, रेखीव कडांची सावली. कॅल्शियमचे कण नाहीत. अशा रेखीव कडाच फसवतात.

सोनोग्राफीत दिसली पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्या आतल्या भिंतीला धरून एक घट्ट गोळा. बायकांमध्ये नुसत्या पाण्याची पिशवी, म्हणजे साधी सिस्ट, रोज दिसते. पुरुषांच्या स्तनात नलिका असतात, पण लोब्यूल (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे झुपके) सहसा तयारच होत नाहीत, म्हणून सिस्ट फार क्वचित. त्यात घट्ट भाग असेल तर कॅन्सरचा संशय धरूनच पुढे जायचं. गोळा म्हणजे साकळलेलं रक्तही असू शकतं, म्हणून त्यांना कुशीवर वळवलं. गोळा जागचा हलला नाही. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावताना प्रोब दाबला की बारीक वाहिन्यांतला प्रवाह थांबतो. भरपूर जेल, हलका हात, मंद प्रवाहही टिपला जावा म्हणून मशीनचे पीआरएफ आणि वॉल फिल्टर कमी. मग भिंतीतून गोळ्यात शिरणारी रक्तवाहिनी स्पष्ट उमटली.

सर्जननी विचारलं, “आधी पाणी काढून तपासायला पाठवू या का?” मी नको म्हटलं. पाणी काढलं की पिशवी बसते, सुईला नेम उरत नाही; आणि कॅन्सर असूनही त्या पाण्यात त्याच्या पेशी न सापडणं नेहमीचं. १४ गेजच्या सुईने गोळ्यातून आणि त्याच्या बुडाशी भिंतीतून तुकडे घेतले, जागेवर खुणेची क्लिप ठेवली. काखही पाहिली, तिथल्या ग्रंथी ठीक होत्या.

रिपोर्ट आला: पॅपिलरी कार्सिनोमा (बोटांसारख्या उंचवट्यांनी वाढणारा कॅन्सर), इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर इस्ट्रोजेन हार्मोनचे ग्राहक असलेला. पी६३ या रंगद्रव्य-तपासणीत मायोएपिथेलियल पेशी (नलिकेचा बाहेरचा थर) दिसल्या नव्हत्या. पण कॅन्सर भिंतीबाहेर गेलाय का, हे सुईच्या तुकड्यांवरून ठरत नाही. अख्खी गाठ काढून तिची कड तपासावी लागते. बाहेर गेला नसेल तर स्टेजिंग ‘इन सिटू’सारखं (जागच्या जागी असलेल्या कॅन्सरसारखं) होतं आणि रुग्ण बहुधा उत्तम राहतो.

सर्जनना बीआरसीए (स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेली जनुकं) तपासणीचंही सुचवलं. बीआरसीए२मध्ये दोष निघाला तर रुग्णाच्या प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळालेला असण्याची शक्यता ५० टक्के.