तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट जॉन अर्धवट का?

"पैसे संपले का हो?" न्यूयॉर्कला बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ बघायचं आणि चार गल्ल्या खाली येऊन सेंट जॉन द डिव्हाइन या अर्धवट राहिलेल्या भल्यामोठ्या चर्चसमोर उभं राहून हा प्रश्न टाकायचा, असा आपल्याकडच्या मंडळींचा शिरस्ताच झालाय. संपले, हो. पण दर वेळी कारण निराळं होतं, आणि एकदा तर पैसा असला तरी बांधायचं नाही असं ठरवलं होतं.

1892 साली कोनशिला बसली. पक्का खडक लागेना म्हणून पायाच 70 फुटांवर खोल गेला, तेव्हा बँकर जे. पी. मॉर्गनने 5 लाख डॉलर दिले. वेदीमागचे आठ ग्रॅनाइटचे खांब अखंड हवे होते. ते लेथवर मोडायला लागले, मग प्रत्येक खांब दोन तुकड्यांत केला. मधला घुमट 1909 चा, फरशांचे घुमट बांधणाऱ्या ग्वास्ताविनोचा. भाजक्या मातीच्या पातळ फरशा सिमेंटात चपट्या बसवत, थरागणिक सांधमोड करत (म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता) 15 आठवड्यांत पुरा केला. खाली सेंटरिंग, म्हणजे आधाराचा लाकडी सांगाडा, नाही. गवंडी आदल्या दिवशीच्या कामावरच उभे. वर मोठा मनोरा होईपर्यंतची ही तात्पुरती सोय! बाबासाहेब 1913 ला आले तेव्हा ती चार वर्षांची होती. आजही तीच आहे.

1941 च्या नोव्हेंबरात चर्चची लांबी पूर्ण झाली, आठवड्याभरात पर्ल हार्बरवर हल्ला, अमेरिका महायुद्धात आणि काम बंद. पुढे 1967 मध्ये बिशप डोनेगन यांनी जाहीर केलं, की भोवतालच्या वस्तीत एवढं दारिद्र्य असताना हे बांधकाम पुरं करायचं नाही. टेकडीवर विद्यापीठ, इस्पितळ, चर्च. कडा उतरलात की हार्लेम, गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. हे ठाऊक असेल तर तो निर्णय चमत्कारिक वाटत नाही.

"मग 1979 ला पुन्हा दगड का फोडायला घेतले? दुटप्पीपणाच हा!" असं तोंडावर ऐकवतात. चर्चचे डीन (प्रमुख पाद्री) मॉर्टन यांनी आवारातच दगडकामाचा कारखाना काढला, इंग्लंडहून जेम्स बॅम्ब्रिज हे उस्ताद आणले आणि आसपासची बेकार पोरं शिकाऊ म्हणून घेतली. इंडियानाचा चुनखडक. ठोकळ्याच्या तोंडावर साचा ठेवून रेघ ओढायची, जादा दगड टाकीने उडवायचा, मग कंगोरे सावकाश काढायचे. शेवटच्या हाताला कोपरा उडाला की ठोकळा त्या जागेपुरता बाद, सगळी मजुरी पाण्यात. वस्तीला द्यायचं ते या मजुरीतूनच द्यायचं होतं, म्हणून दुटप्पीपणा मला मान्य नाही. मात्र हाताने घडवलेल्या दगडाचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार, आणि पगार देणग्यांवर. 1992 पर्यंत दक्षिणेकडचा मनोरा सुमारे 50 फूट चढला आणि काम थांबलं. 1994 ला कारखानाही बुडाला. कसब हाताला लागलेली माणसं घरी बसली. परांची मात्र 2007 पर्यंत वर गंजत होती. वस्तीसाठी काढलेल्या कामाची ही गत झाली, याचं समर्थन माझ्याकडे नाही.

नंतर आवाराच्या कडेला भाड्याच्या उंच इमारती आल्या. पूर्वी मी त्यांना सरळ शिव्या घालत असे. आता म्हणतो, छप्पर गळतं त्याचे पैसे कुठून यायचे? तरी खिडक्यांसमोर काचेची भिंत उभी राहिली ती राहिलीच, आणि भाडी हार्लेमकरांना परवडणारी नाहीत बहुतेक.

बाकी काय आहे? दर्शनी बाजूचे दोन्ही मनोरे, दोन्ही आडवे बाजूभाग (उत्तरेकडचा अर्धवट भाग 2001 च्या आगीत पोळला), आणि मधला मनोरा. पैसे मिळाले तर आधी बाजूभाग घ्या. घुमटाला हात लावू नका.