चुकलं तर विचारायचं कुणाला?

आईला मोबाईल बँकिंग शिकवायला घेतलं तेव्हा मला वाटलेलं अडचण फोनची असेल. पण फोन तर ती छान वापरते, व्हिडिओ कॉल करते, फोटो पाठवते, आणि तरी बँकेचं ॲप उघडलं की शेवटच्या बटणावर हात थांबायचा. एकदा म्हणाली, "अगं, फोटो चुकून दुसऱ्याला गेला तर गेला, पैसे गेले तर मी विचारू कुणाला?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये एक मॉडेल मांडलं, की माणूस नवीन तंत्रज्ञान घेतो ते मुख्यतः दोन गोष्टींवर, त्याला ते उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. यातलं "वाटतं" फार महत्त्वाचं आहे, बनवणाऱ्याला सोपं वाटून काय फायदा. पुढे २००३ मध्ये वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची आठ मॉडेल्स एकत्र केली, त्यात जवळच्या माणसांचं म्हणणं आणि अडल्यावर मिळणारी मदत यांनाही जागा दिली, आणि मला ही मदतच सगळ्यात मोठी वाटते. केनियात २००७ साली एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायचं साधन, सुरू झालं ते साध्या फोनवर चालायचंच, पण रोख भरायला आणि काढायला समोर एजंट बसलेला असायचा, माणूस दिसत होता ना!

आम्ही मग अगदी छोटी रक्कम माझ्याच खात्यात पाठवून बघितली, दोघींचे फोन शेजारी ठेवून, तिच्याकडून पैसे गेल्याचा मेसेज आणि माझ्याकडे जमा झाल्याचा. चार-पाच वेळा केलं तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

आणि मग एकदा व्यवहार अडकला. खात्यातून पैसे कापले गेले, समोरच्याला मिळालेच नाहीत, हेल्पलाईनवर नुसतं हे दाबा ते दाबा, माणूस काही बोलायला येईना. पैसे काही दिवसांनी परत आले खरे पण तोवर तिने ॲपला हात लावणं बंद केलेलं. मला बँकेचा खूप राग आला, कारण व्यवहार कधीतरी अडकणार हे मी समजू शकते, पण त्या दिवसांत "तुमचे पैसे सुरक्षित आहेत, अमुक तारखेपर्यंत येतील" एवढं एक वाक्य तिच्या भाषेत कुणी सांगितलं असतं तर तिने ॲप सोडलं नसतं.

परत सुरू केलं ते माझ्यामुळे नाही, मावशीमुळे. मावशी वापरते म्हटल्यावर तिला धीर आला, माझ्या समजावण्याने जे झालं नाही ते तिच्या वयाच्या बाईने केलं. आता नवीन खातं असेल तर आई आधी थोडेसेच पैसे पाठवते, फोन करून "आले का गं?" विचारते आणि मगच बाकीचे पाठवते.