सार्जंट पेपर मोनोमध्ये: दोन्ही बाजू ऐकून झाल्या

बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम इतक्या कौतुकाला पात्र आहे का, हा आपल्यातला जुना वाद. या खेपेला २०१४ चं मोनो प्रेसिंग (सगळा आवाज एकाच वाहिनीतून येणारी, नव्याने काढलेली तबकडी) आणि नेहमीचा स्टिरिओ एलपी (डाव्या-उजव्या वाहिन्यांत आवाज विभागलेला) शेजारी ठेवले आणि एकेक गाणं आलटून पालटून ऐकलं. सुई तीच, अ‍ॅम्प तोच, फक्त आवाजाची पातळी जुळवून घेतली.

मोनोचा आग्रह उगाच नाही. १९६७ मध्ये इंग्लंडात घरोघरी मोनोच वाजत असे, म्हणून चौघंही बीटल्स मोनो मिक्सला, म्हणजे मुद्रित आवाजांची अंतिम जुळणी करायला, बसले. स्टिरिओ नंतर त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या वेळात उरकलं गेलं, आणि ते ऐकू येतं. 'शीज लीव्हिंग होम' स्टिरिओत जवळपास अर्ध्या स्वराने खाली आणि संथ आहे. मला ते नेहमी रडकं वाटायचं. मोनोत तेच गाणं चालतं, त्यातल्या मुलीला घर सोडायची घाई आहे हे कळतं. शेवटाकडच्या रिप्राइजमध्ये (सुरुवातीच्या शीर्षकगीताची पुनरावृत्ती) तर ड्रम छातीवर येतात. स्टिरिओवरून या अल्बमला नावं ठेवणाऱ्यांनी आधी मोनो ऐकावा, असं माझं आता ठाम मत आहे.

पण कौतुकातला एक भाग मला अजूनही पटत नाही. 'पहिला कॉन्सेप्ट अल्बम', म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत गुंफलेला अल्बम, ही ख्याती. काल्पनिक बँडची कल्पना पहिल्या दोन गाण्यांत दिसते आणि रिप्राइजमध्ये परत येते, मधे तिचा पत्ता नाही. आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नव्हता, असं बीटल्समधल्या जॉन लेनननेच पुढे सांगितलं. शिवाय निव्वळ गाणी मोजली तर १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' सरस आहे. याच सत्रांतली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' सिंगल म्हणून आधीच निघून गेली. ती इथे असती तर वादच उरला नसता.

आता दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'विदिन यू विदाउट यू'. बरेच जण सुई उचलून पुढे ठेवतात ते हेच. १९६६ च्या सप्टेंबरात बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मुंबईला येऊन रविशंकरांकडे सतार शिकत होता, त्यानंतर काही महिन्यांत हे झालं. बाकीचे तिघे यात नाहीत. लंडनमधले भारतीय वादक, तंबोरे, तबला, दिलरुबा, स्वरमंडळ, आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने लिहिलेली आठ व्हायोलिनं व तीन चेलो. स्वर खमाज थाटाचे. दिलरुबा गायकाच्या मागोमाग जाते, अगदी आपल्या मैफलीतल्या संगतीसारखी. मधल्या भागात तीनताल सुटून दहा मात्रांचा झपताल येतो आणि दिलरुबा व व्हायोलिनं यांचे सवाल-जवाब सुरू होतात. व्हायोलिनवाल्यांना मींड काढायला किती जड गेलं असेल, ते त्या ओळी ऐकताना जाणवतं. तरी त्यांनी ती काढली. भारतीय वाद्य चवीपुरतं वापरणारी रॉक गाणी तेव्हा बरीच झाली. तालासकट रचना उभी करणारं मला दुसरं आठवत नाही. माझ्या लेखी अल्बमचा मान इथे सिद्ध होतो.

आणि अर्थात 'अ डे इन द लाइफ'. चार ट्रॅकची यंत्रं, चाळीस वादक, चोवीस बार (तालाची आवर्तनं). प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरपर्यंत आपापल्या गतीने चढायचं, असं सांगितलेलं. तोच चढ अनेकदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक बसवला. शेवटचा पियानोचा ई मेजर स्वरमेळ चाळीसहून जास्त सेकंद विरत राहतो. स्वर विरतील तसं ध्वनिमुद्रणाची पातळी वाढवत नेली होती, त्यामुळे अगदी शेवटी खोलीतली हालचालसुद्धा ऐकू येते.

तर माझा कौल: गाण्यांच्या यादीवर पहिला नंबर नाही, स्टुडिओत काय करता येतं हे दाखवण्याबाबत पहिलाच. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वोत्तम अल्बमच्या यादीत २००३ साली पहिला आणि २०२० साली चोविसावा. मला पहिला जास्त वाटतो, चोविसावा फारच कमी.

पुढे 'रिव्हॉल्व्हर' मोनोत घेतोय. कुणाकडे १९६७ चं मूळ ब्रिटिश मोनो असेल तर शेवटच्या पियानोखाली पृष्ठभागाची खरखर किती येते ते ऐकून कळवा. माझ्या प्रतीत तिथे जवळजवळ शांतता आहे, आणि हा फरक नव्या प्रेसिंगचा की जुन्या प्रतींच्या झिजेचा, ते ताडून बघायचंय.