गंधाराला खुंटी नसते

"काका, अगदी मनासारखा तंबोरा कधी जमला का?"

मिरजेत सतारमेकर गल्ली बघायला येणारे हे हमखास विचारतात. गाणं शिकणारी मुलं विचारतात, कधीकधी चांगले मुरलेले गवईसुद्धा. कामाच्या गडबडीत मी "अजून नाही" एवढंच म्हणतो आणि समोरच्याला तो विनय वाटतो. विनय नाही तो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून सांगतो.

मी जवारीचं काम करतो. तंबोरा उभा करणारे हात वेगळे असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, दांडी आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या झाकणाला, तुणाचं लाकूड लागतं, मग जोडकाम, नक्षी, पॉलिश. त्या सगळ्याला माप आहे, शिकवता येतं. माझं काम घोडीच्या पाठीवरचं. चार तारा जिच्यावरून जातात ती दोन बोटं रुंद पट्टी. पूर्वी ती हस्तिदंताची, सांबरशिंगाची असायची. आता उंटाचं हाड, शिसव, नाहीतर फायबर.

या पाठीला जेमतेम नजरेला कळेल एवढा गोलावा असतो. छेडलेली तार थरथरताना त्या गोलाव्याला चाटून जाते, आणि त्या चाटण्यातून जो झंकार उठतो ती जवारी. तारेखाली सुताचा दोरा घालतात. तो केसभर पुढे सरकला की आवाज फुलतो, केसभर मागे गेला की मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिलं होतं. तार जिथे छेडावी त्या जागेमुळे काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उठणारे वरचे स्वर, उमटायलाच नकोत असा नियम आहे. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, याचं त्यांना नवल वाटलं आणि कारण त्यांनी या घोडीत शोधलं. मिरजेतले शिकलगार, म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे लोक, त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम कानशीने करत आले होते.

आता माझ्या "अजून नाही"चं खरं कारण. तंबोऱ्याला चार तारा. पंचम म्हणजे प, जोडीच्या षड्जाच्या म्हणजे सा च्या दोन, आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. यात गंधार, म्हणजे ग, कुठेच नाही. तरी तंबोरा चांगला लागला की खर्जातून गंधार ऐकू येतो, पाचव्या उपस्वराच्या जागी, स्वच्छ. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस इकडे तिकडे बघतो, हा कोण गायला म्हणून. हा स्वर मला लावता येत नाही. त्याला पिळायला खुंटी नाही, बारीक सूर लावायचा मणी नाही, तार नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की घोडीच्या पाठीवर त्याच्या आड येणारं जे काही असेल ते घासून काढायचं. तो येईल अशी जागा करायची आणि वाट बघायची. कधी येतो, कधी धूसर येतो. कधी तार बदलली, कधी भोपळाच जाड निघाला म्हणून येत नाही. सगळी मेहनत ज्याच्यासाठी करायची तोच स्वर आपल्या हाताबाहेर, ही गोष्ट पचायला मला फार काळ लागला.

काम कसं चालतं ते सांगतो. घोडी उतरवायची, उजेडाकडे तिरकी धरायची. तार जिथे घासली तिथे बारीक रेघ दिसते. ती रेघ किती लांब आहे, कुठे तुटते, यावरून कळतं की पाठ कुठे उंच राहिली आहे. मग कानस. हात दाबायचा नाही, कानशीच्या वजनानेच जाऊ द्यायची. हाडाची पांढरी पूड पडते, जळक्या नखासारखा वास येतो. मग पुन्हा घोडी बसवायची, तारा चढवायच्या, सुरात लावायच्या, दोरा सरकवून बघायचा, ऐकायचं. पुन्हा उतरवायची. घासलेलं हाड परत लावता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी हात उचलताना हेच ठरवायचं असतं, की आता अजून एक की नाही.

आणि हे ठरवायचं कानाने, जो थकतो. एकच आवाज सलग ऐकला की कानाला सगळंच गोड लागायला लागतं. मी मूळचा या गल्लीतला नाही, कामाला आलो आणि राहिलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते चाचा कान थकला की घोडी फडक्यात गुंडाळून ठेवत आणि म्हणत, "आज का काम हो गया." दिवस उजेडी असो नसो. सकाळी ताज्या कानाने पहिला झंकार ऐकायचा, आणि जे काय ठरवायचं ते त्याच वेळी.

त्यात वय. वाढत्या वयात कानातून आधी जातात ते वरचे, बारीक स्वर, आणि जवारीची सगळी धार तिथेच असते. मला आज जो झंकार बरोबर वाटतो तो तरुण कानाला जरा जास्त उघडा, खरखरीत वाटू शकतो. म्हणून शेवटचं ऐकायला मी हाताखालच्या पोराला बसवतो. "काका, जोडीच्या पहिल्या तारेला थोडी खरखर आहे," तो म्हणाला की मी घोडी उतरवतो, मला ती खरखर अजिबात ऐकू आलेली नसली तरी. आपण आयुष्यभर केलेल्या कामाचा कौल दुसऱ्याच्या कानावर सोडायचा, याचं मला फार वाईट वाटत होतं. आता तेवढं वाटत नाही. पोराचा कान चांगला आहे, आणि तो तयार होताना मला दिसतोय.

तुमच्या प्रश्नात "मनासारखा" म्हणता, पण माझ्या मनात आधीपासून एक आवाज तयार असतो आणि मी तो हाडात उतरवतो, असं होत नाही. काय पाहिजे ते मला गवयांनी शिकवलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, १९३७ साली गेले, आणि त्यांची कबर इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. त्या गाण्याची सगळी मदार सुरावर. अशा माणसांसमोर वाद्य ठेवायचं म्हटल्यावर कारागिरांचे कान तयार झाले, ते कान चाचांपर्यंत आले आणि चाचांकडून थोडेसे माझ्यापर्यंत. आजही बायकांच्या पट्टीचा, म्हणजे त्यांच्या सा च्या उंचीचा, तंबोरा घेऊन एखादी गायिका बसते, दोन आलाप घेते, आणि ज्या जवारीवर मी खूश असतो तिथे तिचा आवाज बसत नाही. मग मी तिचं ऐकतो. तंबोऱ्यांची जोडी मागतात तेव्हा तर हे फारच कळतं. एकाच मापाचे, एकाच लाकडाचे दोन तंबोरे कधीच सारखे बोलत नाहीत. पूर्वी मी ते सारखे करण्यामागे लागायचो. आता एकाची जवारी किंचित मिटलेली ठेवतो, दुसऱ्याची उघडी, आणि दोन्ही एकत्र वाजताना मधली जागा भरते का ते बघतो.

मोबाईलवरच्या तंबोऱ्याबद्दलही विचारतात. तो कायम सुरात असतो, पावसाळ्यात फुगत नाही, रियाजाला सोयीचा आहे. मुलांनी जरूर वापरावा. माझं त्याच्याशी भांडण नाही.

मला अवघड वाटते ती दुसरीच गोष्ट. भोपळा आणि लाकूड नीट सांभाळलं तर पिढ्या जातात. जवारी मात्र झिजते. तारांनी पाठीवर खाचा पडतात, झंकार बसतो, आणि पुन्हा घासावी लागते. तंबोऱ्यातला जो भाग सगळ्यात जास्त माझा, तोच सगळ्यात आधी जातो. आणि जो जास्त गाईल त्याची लवकर जाते. वर्षानुवर्षं जवारी तशीच ताजी राहिलेला तंबोरा माझ्याकडे आला, तर मी आधी विचारतो, घरात कोणी गात नाही का? खाचा पडलेली घोडी आली की मला बरं वाटतं. ती घासताना मागच्या वेळेपेक्षा वेगळं काहीतरी करून बघता येतं.

तेव्हा उत्तर अजूनही नाही असंच आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा आधी पट्टी सांगा, पेटीवरची काळी एक की पांढरी चार. तंबोरा लावून ठेवतो. बसून ऐका, आणि खर्जातून गंधार ऐकू आला तर मला सांगा, कारण तुमचा कान ताजा असेल.