सुधारणा आवश्यक

एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या गटावर ती फाइल फिरायला लागते. 'सर्व विषय, सर्व वर्ग, वर्णनात्मक नोंदी.' म्हणजे मुलांच्या प्रगतिपत्रकात उतरवायची तयार वाक्यं. गेल्या वर्षीचीच असते, फक्त वरचं साल बदललेलं. मी ती आता उघडतसुद्धा नाही. एका वर्षी उघडली होती आणि इंग्रजीच्या नोंदी त्यातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. पाचवीच्या चौतीस मुलांपैकी नऊ जण माझ्या हस्ताक्षरात 'स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' झाले. त्यातल्या एकाचे वडील जीप चालवायचे. निकाल घ्यायला आले, कागद उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, हे फ्लुएंटली म्हंजी काय?" मी सांगितलं, घडाघडा बोलतो. ते लेकाकडे बघून हसले. लेक माझ्याकडे बघून हसला. तेव्हापासून इंग्रजी विषयाची नोंद मी मराठीत लिहिते. नोंद पालकांनी वाचायची असते आणि आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी वाचणारे पालक दोन-तीनच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हा पाचवीला आकारिक (वर्षभर वर्गात पाहून दिलेले) पन्नास, संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) पन्नास, बेरीज करायची, अ-1 पासून खाली श्रेणी टाकायची. ते गणित तासाभराचं. घोडं अडतं ते प्रगतिपत्रकाच्या तीन रकान्यांत: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पहिले दोन कसेही भरतात. तिसऱ्याला माझी अख्खी सुट्टी गेलेली आहे.

गोष्ट 2019 ची. शाळा बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगारांच्या गावातली. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, निम्मा वर्ग रिकामा होतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मुलं परत येतात, उन्हानं काळवंडलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. त्या वर्षी एक मुलगी मार्चच्या शेवटी आली. पाच महिने शाळा नाही. तिच्यापुढे इंग्रजीचं पुस्तक धरलं तर तिसऱ्या शब्दाला थांबली. मग दप्तरातून काहीतरी काढताना तिच्या वहीतून एक चुरगळलेली चिठ्ठी पडली. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती. मी सहज म्हटलं, "वाच बरं." तिनं बोट ठेवलं आणि वाचलं, "ग्रॉस. टेअर. नेट." वर समजावलंही: ग्रॉस म्हणजे उसासकट गाडी, टेअर म्हणजे रिकामी, "आन् नेट म्हंजी आपला ऊस." खाली तारीख आणि गाडीचा नंबरही वाचला. बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून पावती रोज हिच्या हातात यायची.

मी विशेष प्रगतीत लिहिलं: 'काटा पावतीवरील इंग्रजी शब्द व अंक वाचते, त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगते.' आणि सुधारणा आवश्यकमध्ये: 'नोव्हेंबर ते मार्च गावाबाहेर असल्याने मधले पाठ राहिले आहेत, जूनमध्ये तिथूनच सुरुवात करावी.'

नोंदवही सोमवारी, 15 एप्रिलला मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. दुपारी परत. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'नकारात्मक. वाक्य सकारात्मक करावे.' नकारात्मक काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "गावाबाहेर म्हणजे स्थलांतर आलं ना मॅडम. वरून विचारणा होते. 'नियमित उपस्थिती आवश्यक' लिहा, सगळे तेच लिहितात." अहो, पण ती दहा वर्षांची पोर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणार आणि नियमित उपस्थित कुठून होणार? ती सुधारणा तिनं करायची आहे का? हे मी मनात म्हटलं. तोंडानं 'बघते' म्हटलं.

तेवढ्यात निवडणूक आली. आमच्याकडे मतदान 18 तारखेला. 17 ला साहित्य ताब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी दिवसभर केंद्र, रात्री पेट्या जमा करून घरी पोचायला दोन वाजले. नोंदवही मात्र पिशवीत सोबत होती. दुपारच्या सामसुमीत मतदान केंद्रावर मी ते वाक्य चार वेळा पाडलं आणि बांधलं. (इथेच सांगून ठेवते, नोंदी आधी पेन्सिलीनं लिहाव्यात. शाईची खाडाखोड झाली की प्रत्येक ठिकाणी सही, आणि व्हाइटनर लावला तर सगळं पानच नव्यानं.)

शनिवारी दुसऱ्यांदा दिली. आता सुधारणेचा रकाना पास झाला, पण विशेष प्रगतीवर बोट. "काटा पावती कोणत्या साधनात बसते?" आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं असतात: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. मी म्हटलं, निरीक्षण. सर म्हणाले, निरीक्षण वर्गात करायचं असतं. मी म्हटलं, वर्गातच केलं, पावती वर्गात पडली. त्यावर ते चहा मागवते झाले, म्हणजे विषय संपला.

घरी आले आणि अध्ययन निष्पत्तींचा तक्ता काढला, म्हणजे कोणत्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवं त्याची यादी. पाचवी इंग्रजीत चक्क सापडलं की मूल परिसरातला छापील मजकूर वाचतं, म्हणजे जाहिराती, दिशादर्शक सूचना, ठिकाणांची नावं, आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देतं. पावती म्हणजे परिसरातला छापील मजकूर नाही तर काय? सोमवारी तो तक्ता उघडून, त्या ओळीखाली रेघ मारून, वहीसकट सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, सही केली. मला इतका आनंद माझी कायम नेमणूक झाली तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हा नव्या शिक्षकांनो, तो तक्ता जवळ ठेवा. नोंद अडली की त्यातली ओळ दाखवायची, वाद घालायचा नाही. मी वाद घालून तीन दिवस घालवले.

दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये आठवून लिहायला बसू नका, काही आठवत नाही. मी टेबलाच्या खणात एक छोटी डायरी ठेवते, रोज चार मुलं, एकेक ओळ. 'आज फलाणा डी आणि बी मध्ये अडखळला नाही.' बास. सत्र संपेपर्यंत नोंदी आपोआप तयार असतात. आता तर वेळही उरत नाही. 2025 ला परीक्षाच 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि 1 मेला निकाल, मधल्या दिवसांत पेपर तपासा, श्रेणी काढा, आणि नोंदीही लिहा.

आणि सुधारणेच्या रकान्यात 'वाचन सराव आवश्यक' लिहू नका. घरच्यांना करता येईल असं लिहा. 'बिस्किटपुड्यावरची इंग्रजी अक्षरं रोज वाचून दाखवायला सांगा' हे मी लिहिते आणि आया ते करतात, मुलं तक्रार घेऊन येतात की आई पुडा वाचल्याशिवाय फोडू देत नाही.

दोन्ही सत्रांची नोंद सारखी नसावी, हे राहिलंच. तपासणीत तेच आधी पाहतात.

त्या पावतीच्या नोंदीचं पुढे असं झालं की सरांनीच ती केंद्र परिषदेत (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत) 'नावीन्यपूर्ण नोंद' म्हणून वाचून दाखवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या एप्रिलमध्ये गटावर फाइल आली, तेव्हा राहवलं नाही म्हणून उघडली. इंग्रजी, नोंद क्रमांक सत्तेचाळीस: 'काटा पावतीवरील इंग्रजी शब्द व अंक वाचते.' आमच्याच केंद्रातल्या एका शाळेनं ती पहिलीच्या अकरा मुलांना दिली होती, आणि त्या गावातून ऊस तोडायला कुणीच जात नाही.