आमची वाटचाल : आधी तळघर, मग बार

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात आमचा पब आहे. आमचा म्हणजे भिंती पब भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, राबणं आमचं. १८३० च्या बिअर कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या करदात्या घरमालकाला राहत्या घरात बिअर विकायची मुभा दिली, तेव्हा इथल्या एका कुटुंबाने पुढच्या खोलीत धंदा मांडला. तीच खोली आज आमचा बार.

२०११ मध्ये भाडेकरार केला. मी सोलापूरचा, बायको चिपळूणची. पिंपातली बिअर कशाशी खातात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पाइंट, म्हणजे बिअरचे मोठे पेले, गढूळ निघाले. कोपऱ्यात बसणारे एक म्हातारबा उठले आणि न विचारता खाली उतरले. तरुणपणी ते ह्याच तळघरात पोऱ्या होते. त्यांनी फर्किन, म्हणजे बिअरचं पिंप, घोडीवर आडवं टाकलं, वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकली. फस्सकन फेस आला. "हा आवाज थांबेपर्यंत हात लावायचा नाही." नंतर कडक खुंटी, आणि गाळ बसेपर्यंत पिंपाला धक्काही नाही. तो लाकडी हातोडा अजून आमच्याकडे आहे. दांडा दोनदा बदललाय. एका फर्किनात ७२ पाइंट. उघडल्यापासून तीन दिवसांत संपत नसतील तर लहान पिंप मागवावं, उगाच ऐट करू नये.

पुण्यामुंबईचे पाहुणे म्हणतात, बिअर कोमट आहे. कोमट नाही हो, १२ अंश! बर्फगार केली तर चव कसली लागणार?

पुढची आठ वर्षं बरी गेली.

मग २० मार्च २०२०, शुक्रवार. संध्याकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं, आज रात्रीपासून पब बंद. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी आम्ही सकाळीच चार फर्किनं उघडली होती. बहुतेक सगळी ओतून दिली. कंपनीने भाडं माफ केलं नाही, फक्त पुढे ढकललं. नंतर मागच्या दारातून बिअर नेऊ देत होतो. म्हातारबा दुधाचा जग घेऊन यायचे. जानेवारी २०२१ मध्ये तेही बंद. सुपरमार्केटात मात्र खोकेच्या खोके विकले जात होते. हे मी विसरणार नाही.

खरी मेख करारातच होती. बिअर कंपनीकडूनच घ्यायची, ती म्हणेल त्या दराने. शेजारच्या गावातला फ्री हाउसवाला, म्हणजे कुठल्याच कंपनीला न बांधलेला पबवाला, तेच पिंप बरंच स्वस्तात उचलायचा आणि वर मला विचारायचा, "तुझा पाइंट एवढा महाग का रे?" २०१६ च्या पब्ज कोड ह्या सरकारी नियमावलीमुळे मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ह्या बांधिलकीतून सुटायची वाट मिळाली, पण भाडेवाढीचं पत्र आल्यापासून २१ दिवसांत अर्ज करायचा. आम्ही एकोणिसाव्या दिवशी केला. उत्तरात आलेल्या नव्या करारातली अनामत बघून बायको दोन दिवस जेवली नाही. सात-आठ महिने पत्रापत्री, वकिलाची फी, आणि २०२२ मध्ये सुटलो. भाडं वाढलं, पण बिअर कुणाची ते आता आम्ही ठरवतो.

कुणाला पब घ्यायचाच असेल तर स्वयंपाकघर नंतर बघा, आधी तळघरात उतरा. आणि सोमवारी दुपारी जाऊन बसा. शनिवारी कुठलाही पब भरतो.

आमच्या निवडीचं पहिलं पिंप दरीपलीकडच्या एका छोट्या ब्रुअरीतून आलं. पहिला पाइंट म्हातारबांना. त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "जरा गार आहे."

खाली जाऊन पाहिलं. थर्मामीटर १० दाखवत होता.